मोटरा बंद ठेवायची संध्याकाळ

हौसाशी माझं शेवटचं बोलणं झालं ते विहिरीच्या पाण्यावर. एवढा संसार केला, लेकरं वाढवली, नातवंडं पाहिली, आणि शेवटी नवरा-बायको बोललो काय, तर पाणी कुठवर आलंय. पुण्याच्या दवाखान्यात ती खाटेवर टेकून बसलेली, नाकात नळी, पायांवर सूज. मी स्टुलावर. मग तिनं नळी बोटानं जरा बाजूला केली आणि विचारलं, "पट्ट्याच्या वर हाय का?" मी म्हणालो, "हाय. चांगलं हातभर वर हाय." तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुमी सोता बगितलं का दत्तानं सांगितलं?" "सोता वाकून बगून आलोय." तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताचा, माझ्या मुलाचा, फोन आला. मी गोठ्यात होतो. "आबा, आई गेली," एवढंच तो बोलला. मी फोन खिशात ठेवला आणि गाईची धार अर्धी राहिली होती ती पुरी काढली. पाहुण्यांतल्या एकीनं हे ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. पण गाईला काय सांगणार, कोण गेलं ते? तिची कास भरलेली होती. हौसा असती तर तिनंही आधी धारच काढली असती.

लोक म्हणतात म्हातारा रडला नाही. खरं आहे, मी रडलो नाही. मला आधी हायसं वाटलं. कुणाला वाईट वाटायचं तर वाटू दे. शेवटचे काही महिने तिला आडवं होता येत नव्हतं. छातीत पाणी चढायचं. ती भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या बसल्या डोळा लागला तर लागला. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला एक तांब्या आणून दे म्हटलं नाही, तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. ती सुटली. हे एक. आणि दुसरं म्हणजे, ती गेली तेव्हा आमच्या विहिरीत पाणी होतं. हे दुसरं कारण ऐकायला किरकोळ वाटेल, पण ते कळायला तुम्हाला जरा मागं यावं लागेल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, जसं आठवेल तसं सांगतो.

आमचं गाव पुण्याजवळ, चांदे गावाच्या अलीकडं, टेकडीच्या पायथ्याला. हौसाचं माहेर मात्र पौडाच्याही पुढं, धरणाच्या वरच्या अंगाला. तिकडं पावसाळ्यात घराबाहेर पाय टाकता येत नाही असा पाऊस, आणि शिमगा झाला की बायका हंडे घेऊन डोंगर उतरायला लागतात. दगडातून पाणी निघून जातं, थांबत नाही. तिचं सगळं लहानपण डोक्यावर हंडा घेऊन गेलं. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा माणसांनी विचारायचं ते विचारून झालं, नाव काय, भाकरी येते का, शेतातली कामं येतात का. मग वडीलधारं कुणी उठणार तेवढ्यात तीच म्हणाली, "तुमच्यात हीर हाय का?" तिचा चुलता खोकला. मुलीनं असं विचारायची तेव्हा रीत नव्हती. माझे वडील हसले आणि म्हणाले, "हाय की. घराच्या मागंच हाय."

लग्न होऊन आली, आणि हंडा घेऊन घरामागं गेली. तिथं काय, तर मुरमात खणलेला एक पुरुषभर खड्डा. कोरडा ठणठणीत. मी ओसरीवर बसून बघत होतो, आता ही काय करते. ती काठावर बराच वेळ उभी राहिली. मग माझ्या वडिलांपाशी येऊन खाली मान घालून विचारलं, "मामा, ह्यात पाणी कवा येनार?" वडील म्हणाले, खणलं की येईल. त्या वर्षी भात काढून झाल्यावर तिनं पदर खोचला आणि पाटी उचलली. मी आणि माझा भाऊ खाली पहार मारायचो, ती मुरूम आणि दगड वर वाहायची. नवी नवरी असं करते म्हणून शेजारणी बघायला यायच्या. पुढं आयुष्यभर मला ऐकून घ्यावं लागलं. कुणी नवीन पाहुणा आला, आमच्या खोल्यांत नवीन भाडेकरू पोरगं आलं, की चहा देता देता ती सांगायची, "ह्यांनी मला खड्डा दावून आनलंय."

काळा पाषाण लागला तेव्हा आम्ही थकलो होतो. वडील म्हणायला लागले, बास करू. आणि एक दिवस डोंगराकडच्या अंगाला पहार घुसली ती भेगेत घुसली, आणि काढली तर मागून पाण्याची दोऱ्याएवढी धार आली. भाऊ ओरडला. हौसा पाटी टाकून खाली उतरली, त्या धारेला ओंजळ लावली, भरायला बराच वेळ लागला, मग प्यायली आणि म्हणाली, "ग्वाड हाय." विहिरीला पुढं आणखीही झरे लागले, पण तिच्या लेखी झरा म्हणजे तोच, डोंगराकडचा.

मग दिवस बदलले. माण, हिंजवडी, तिकडं मोठमोठ्या इमारती झाल्या, भाव आले, लोकांनी जमिनी दिल्या. आम्हीही खालचा तुकडा दिला, खोटं कशाला बोलू. पण घर, गोठा आणि विहीर होती ती राखली. दत्तानं वर खोल्या बांधल्या. त्यात कंपन्यांत कामाला जाणारी पोरं राहतात, कुणी अमरावतीकडचं, कुणी नांदेडचं. सगळं त्या एका विहिरीवर. आमचं पिणं, गाईचं पाणी, सुनेचं धुणं, पोरांच्या आंघोळी. आळीत आमच्यासारख्याच आणखी काही विहिरी, सगळ्या टेकडीच्या कडेनं ओळीनं.

आणि एवढ्या इमारती उभ्या राहायच्या तर खडी लागणारच. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला खाण सुरू झाली. आधी आम्हाला काही वाटलं नाही. धूळ यायची, सुरुंगाचा आवाज व्हायचा, भांडी हलायची. पण ते टेकडी वरून फोडत होते तोवर ठीक होतं. मग ते खाली उतरले. खड्डा खोल गेला तसं खाणीत पाणी यायला लागलं, आणि पाण्यात खडी फोडता येत नाही, म्हणून त्यांनी पंप बसवले. मोठे, चोवीस तास चालणारे. पाणी उपसायचं आणि पाइपानं ओढ्यात सोडून द्यायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीत पहिल्यांदा मोटरीचा फुटवॉल, पाइपाच्या बुडाची झडप, उघडा पडला. मोटर नुसती हवा ओढून गुरगुरायला लागली. आळीत टँकर आला. टँकरच्या पाण्याला क्लोरीनचा वास, गाय तोंड लावेना. दत्ता म्हणाला, बोअर मारू. हौसा उठली. चपला घातल्या आणि टेकडी चढायला लागली. मी मागं गेलो, मला वाटलं रागानं कुठं जातेय.

वरून खाण दिसते. आमच्या बाजूची जी भिंत त्यांनी उभी कापलीय, तिच्यातून पाणी झिरपत नव्हतं, चक्क वाहत होतं. पाषाणाच्या भेगांतून, ठिकठिकाणी. खाली तळं साचलेलं आणि त्यात पंपाचा पाइप. ती किती वेळ बघत राहिली. "ते आपलं पानी हाय," ती म्हणाली. मी म्हणालो, पाण्यावर कुणाचं नाव असतं का? तर म्हणाली, "झऱ्याच्या अंगानं बगा की. आपली हीर त्याच्या खाली हाय. आपल्या आदी त्यांनी तोंड लावलंय."

तक्रार गावानंच केली, पौडला तहसीलला. बऱ्याच फेऱ्यांनंतर भूजल खात्याच्या एक मॅडम आल्या. वयानं आमच्या सुनेएवढ्या. शांत बाई. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. जमिनीतलं पाणी म्हणजे काही नळ नव्हे, खाणीचा पंप खरंच तुमचं पाणी ओढतोय की तुमचाच उपसा जास्त आहे, हे मोजल्याशिवाय कुणाला काही सांगता येणार नाही. म्हणून दर महिन्याला आळीतल्या सगळ्या विहिरी मोजायच्या. त्यांच्याकडं एक टेप होती, टोकाला वजन असलेली. ती विहिरीत सोडायची, पाण्याला टेकली की वरच्या खोक्यात पीं वाजतं. हौसाला ते लई आवडलं. मॅडमना म्हणाली, "येकदा परत वाजवा."

आता इथं आमच्या आळीनं जे केलं ते आमच्याच आळीला सुचावं. आमच्या शेजारी शंकरअण्णा राहतो. माझ्या बरोबरीचा, डोक्यानं तिखट. त्यानं सगळ्यांना मारुतीच्या देवळात बसवून सांगितलं की मोजायला येणार त्याच्या आदल्या संध्याकाळपासून सगळ्यांनी मोटरा चालू ठेवायच्या. पाणी शेतात सोडा, ओढ्यात सोडा, कुठंही सोडा. सकाळी मॅडम आल्या की विहिरी तळाला गेलेल्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे खाणवाल्याचं नरडं पकडता येईल. सगळ्यांना पटलं. न पटण्यासारखं काय होतं त्यात? पाणी तर खरंच चाललं होतं, जरा जास्त दाखवलं तर काय बिघडलं? घरोघर मोटरा लागल्या. आमच्या घरी मात्र हौसानं फ्यूज काढला आणि पानाच्या चंचीत घालून कमरेला खोचला.

अण्णा आला. ओसरीवर बसला. आधी गोडीगुलाबीनं बोलला, मग आवाज चढला. म्हणाला, "वयनी, सगळ्या हिरी रिकाम्या आन तुमची येकटीची भरल्याली, म्हंजे आमी सगळे खोटं पडणार न्हवं?" ती सुपारी कातरत होती. वर न बघता म्हणाली, "खोटं करू नगा. मंग पडायचं न्हाई." अण्णा माझ्याकडं वळला. "तू तरी सांग की रं बायकूला." मी म्हणालो, बाबा, फ्यूज तिच्या कमरेला आहे, हिंमत असली तर तूच काढून घे. तो उठून गेला. जाता जाता म्हणाला की आळीचं नुकसान झालं तर तुमच्या घरावर येईल. ती मला म्हणाली, "हिरीला सोंग घ्याय लावत्यात. तिला काय येतंय सोंग?"

असे काही महिने गेले. मॅडम यायच्या, टेप सोडायच्या, लिहून न्यायच्या. आळी खूश होती, सगळ्या विहिरी कशा तळाला दिसत होत्या. मग मध्ये खाणीचा पंप बिघडला आणि बरेच दिवस बंद राहिला. नेमकं तेव्हाच मोजणं आलं. आमच्या लोकांनी नेहमीसारख्या आदल्या संध्याकाळी मोटरा लावल्या. पंप बंद आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मॅडमनी देवळात बैठक लावली. खाणीचा सुपरवायझरही आला होता, लातूरकडचा माणूस, हातात फाइल. मॅडम म्हणाल्या की खाणीचा पंप बंद होता, तरी विहिरी वर आल्या नाहीत. फक्त या आजींची विहीर वर आली, आणि एका विहिरीवरून काही ठरवता येत नाही. मग खाणीमुळं विहिरी आटतात असं मी कसं लिहू? सुपरवायझरनं फाइल मिटली. देवळात कुणी कुणाकडं बघेना. अण्णा चपलेच्या अंगठ्याकडं बघत बसलेला. मी त्या बाजूला पुरुषांत होतो, हौसा बायकांत मागं, खांबाला टेकून. मागं बांगड्या वाजल्या, आणि मला तिचा उठायचा आवाज ओळखता येतो.

"मॅडम," ती म्हणाली, "तुमी पानी मोजलंच न्हाई. तुमी आमच्या मोटरा मोजल्या."

आणि तिनं सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, पण नाव घ्यायची गरज कुठं होती? मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारी खाणवाल्याला मिळालीय. ती तिकडं वळली आणि म्हणाली की मिळायचं असतं तर हितं कशाला बोलले असते, घरी बसून पान खाल्लं असतं. मग मॅडमकडं तोंड करून म्हणाली, "येक डाव आमी सगळे मोटरा बंद ठेवतो. त्यांनीबी पंप बंद ठेवावा. मंग मोजा. न्हाई वर आलं तर आमी पुन्ना पौडला येणार न्हाई."

तिनं हे सगळ्या आळीच्या वतीनं बोलून टाकलं. मला धास्ती वाटली. कारण न जाणो, नाहीच वर आलं तर? तिलाही ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर तिला सुपारी कातरता येईना. मी कातरून दिली. "आवं, म्या जादा बोलले का?" असं तिनं विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा. मी म्हणालो, बोललीस ते बोललीस, आता बघू.

मॅडम रागावल्या नाहीत हे विशेष. त्यांना आधीपासूनच आकड्यांचा संशय येत होता म्हणे. त्यांनी खाणवाल्याला पंप थांबवायला लावला, आणि आम्हाला सांगितलं की मोजायच्या आदल्या संध्याकाळपासून मोटर नाही, म्हणजे विहीर निवांत होते, झऱ्याचं पाणी भरून स्थिर होतं, तेच खरं पाणी. हौसा घरोघर गेली. एकेकाच्या दारात उभं राहून मोटर बंद होईपर्यंत हलायची नाही. अण्णाच्या घरी त्याची बायको म्हणाली, हे घरी नाहीत, त्यांना विचारून बंद करते. हौसा पायरीवर बसली आणि म्हणाली, "इचार. म्या हाय हितंच." मोटर बंद झाली. वरच्या खोल्यांतली पोरं वैतागली. अमरावतीकडच्या एकानं जिन्यातून विचारलं, आजी, सकाळी ऑफिसला जायचं आहे, आंघोळ कशी करायची? "बादली भरून ठिव म्हनून दुपारीच सांगितलं व्हतं. येक दिस बिनआंघुळीचा जा, तुजा साहेब काय वास घेतुया व्हय?"

सकाळी मॅडम आल्या. सगळी आळी मागं. पहिल्या विहिरीत टेप सोडली, आणि ती पीं वाजली तेव्हा टेप अजून बरीच मॅडमच्या हातात शिल्लक होती. पाणी वर आलं होतं. पुढची, तीच गत. एकेक करत सगळ्या. अण्णाच्या विहिरीवर आम्ही पोचायच्या आधीच तो वाकून बघत उभा होता. आम्ही आलो तसा बाजूला सरकला. आमच्या विहिरीवर आल्यावर हौसानं ती टेप स्वतः हातात धरून सोडली. वाजली तेव्हा तिनं मान फिरवली, आणि मला तेवढंच दिसलं की ती पदरानं डोळे टिपतेय. लगेच म्हणाली, खडीची धूळ गेली डोळ्यात. त्या दिवशी खाणीत खडी फोडायचं काम बंद होतं.

पुढच्या महिन्यात मोटरा तशाच बंद, पण खाणीचा पंप चालू ठेवून मोजलं, तर सगळ्या विहिरी खाली गेलेल्या. त्यातूनच पट्टा आला. मॅडमनी प्रत्येक विहिरीत दगडावर लाल रंगाचा पट्टा मारून घेतला. पाणी पट्ट्याखाली गेलं की खाणीनं पंप थांबवायचा, पुन्हा वर आलं की चालवायचा. आणि उपसलेलं पाणी ओढ्यात फुकट सोडायचं नाही. खाण आणि विहिरी यांच्या मध्ये एक लांब चर खणायचा, त्यात ते सोडायचं, म्हणजे ते जमिनीत मुरून पुन्हा आमच्याकडं येईल.

या चराला हौसाचा विरोध. एवढी भांडली त्यावर की मॅडमही टेकीला आल्या. खाणीचं पाणी राखेसारखं, खडीच्या पिठानं भरलेलं. ती म्हणायची, ते घाण पाणी माझ्या झऱ्यात सोडणार, मी जिवंत असेपर्यंत नाही. मॅडमनी तिला शेवटी गाडीत बसवून दुसऱ्या गावी एक तसाच चर दाखवायला नेलं. तिथं आधी एका डबक्यात पाणी निवळून घेतात, पीठ खाली बसतं, आणि वरचं स्वच्छ पाणी चरात जातं, मग मातीतून गाळून विहिरीत. तिथल्या बायकांशी हौसा बोलली, त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायली. परत आली तेव्हा मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "ग्वाड हाय. माजं चुकलं." आणि चर खणायला सुरुवात झाली तेव्हा तीच काठावर उभी राहून जेसीबीवाल्याला सांगत होती, अजून खोल घे.

अण्णा बरेच दिवस आमच्याशी बोलत नव्हता. मग एका उन्हाळ्यात पाणी पट्ट्याखाली सरकलं आणि खाणीचा पंप काही थांबेना. हौसा खाणीवर जायला निघाली, तर अण्णा दारात काठी घेऊन उभा. "चला वयनी, येकट्या जाऊन त्यास्नी सगळ्या शिव्या द्याल, मला कोन ठिवणार?" दोघं पंपापाशी दगडावर बसून राहिली. सुपरवायझरनं चहा पाजला, पंप बंद केला आणि मगच ती उठली. त्या दिवसापासून बोलणं सुरू झालं.

तिचं आजारपण आलं ते नंतर. त्याचं काय सांगायचं... गेल्यावर तिला घरी आणलं तेव्हा बायकांनी न्हाऊ घालायला पाणी काढलं ते आमच्याच विहिरीचं. मी जिन्यापाशी उभा होतो. मोटर लावू नका, बादलीनं शेंदून काढा, एवढंच मी सांगितलं. कुणी का म्हणून विचारलं नाही.

तेराव्यानंतर सुपरवायझर भेटायला आला. माणूस वाईट नाही. बूट बाहेर काढून आत आला, तिच्या फोटोला हात जोडले. आजी फार कडक होत्या, पण मनानं चांगल्या, असं काय काय बोलला. मग चहाचा कप हातात घेऊन म्हणाला, मालक म्हणत होते, पंप सारखा बंद करावा लागतो, काम अडतं, तर पट्टा थोडा खाली घेता येईल का. आजी असताना विषय काढता येत नव्हता. मी त्याला म्हणालो, "हौसा गेली. हीर हितंच हाय." त्यानं मान हलवली. "बाबा, विचारून बघ म्हणाले, मी विचारलं," म्हणाला. चहा पिऊन गेला.

तो गेला, पण माझ्या जिवाला घोर लागला. पट्टा तेव्हाच टिकणार जेव्हा मोजणं खरं असेल. आणि मोजणं खरं राहिलं ते हौसा दर महिन्याला आदल्या संध्याकाळी काठी टेकत आळीतून फिरायची म्हणून. दवाखान्यात होती तेव्हाही फोनवरून सुनेला फिरवायची. आता ती नाही म्हटल्यावर कोण कुणाचं ऐकणार? एखाद्यानं मोटर लावली की दुसरा लावणार, पुन्हा सगळं पहिल्यासारखं, आणि मग मालकाला पट्टा खाली घ्यायला कारण मिळणार. परवा मोजायच्या आदल्या दिवशी मी दुपारपासून अस्वस्थ होतो. दिवस कलला तशी तिची काठी घेतली, चपला घातल्या आणि निघालो. मला तिच्यासारखं दारात उभं राहता येत नाही, मला राग लवकर येतो. कुणाशी काय बोलायचं ते मनात जुळवत गेलो.

पहिलं घर, मोटर बंद. वाटलं, लाइट गेली असेल. पण आत टीव्ही चालू होता. दुसरं घर बंद. तिथली सून अंगणात पिंपं भरून झाकत होती, मला बघून हसली आणि म्हणाली, आजीची संध्याकाळ ना आज. पुढचं घर बंद, त्याच्या पुढचं बंद. मी शेवटपर्यंत गेलो. कुणाला काही सांगावं लागलं नाही. परत फिरलो तर शंकरअण्णा कट्ट्यावर बसलेला. "वयनीच्या राऊंडला निघालायस व्हय?" मी म्हणालो, व्हय, पण सगळ्यांचं बंदच आहे. तो म्हणाला, "सगळ्यांचं न्हाई. येक वाजतीया. नीट कान दे." मी थांबून ऐकलं. खरंच, कुठंतरी मोटर घरघरत होती. माझं डोकं फिरलं. कुणाची रं ही, म्हणून मी काठी आपटली. अण्णा म्हणाला, "तुजीच हाय. जा, बंद कर घरची."

मी रस्त्यात उभा राहून हसलो. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. घरची मोटर कायम तीच आधी बंद करायची आणि मग बाहेर पडायची, हे माझ्या लक्षातच नव्हतं. अण्णाही हसला.

घरामागं आलो आणि लाल बटण दाबलं. मोटर हळूहळू थंडावली. अजून उजेड होता, मी काठावर वाकलो. पाणी हलत होतं, मग हलायचं थांबलं. आणि मोटरीच्या आवाजात जे कधी ऐकू येत नाही ते ऐकू यायला लागलं... डोंगराकडच्या अंगानं पडणारं पाणी. मी तिथंच बसलो. आतून सुनेचा आवाज आला, "मामा, नळाचं पाणी गेलं का?"

"न्हाई गेलं," मी म्हणालो. "म्या बंद केलंय. उद्या मोजायचंय."